एचएमएस गॅनेट: वाफेवर आणि शिडावर चालणाऱ्या युद्धनौकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीत उभी असलेली ही नौका अनेक जण पाहून येतात आणि परतल्यावर प्रश्न पाठवतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, घोळ होणारे नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं असेल तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. गॅनेट म्हणजे नेमकं काय? दोन मिनिटांत सांगा.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ब्रिटिश नौदलाची लहान युद्धनौका. थेम्स आणि मेडवे या नद्यांच्या मुखाजवळच्या शीअरनेस गोदीत बांधली गेली, ३१ ऑगस्ट १८७८ रोजी पाण्यात उतरली आणि १७ एप्रिल १८७९ रोजी सेवेत दाखल झाली. तीन डोलकाठ्या, एक धुराडं, पाण्यात फिरून जहाज पुढे ढकलणारा एक पंखा. लांबी १७० फूट, रुंदी ३६ फूट, वजन १,१३० टन. आपल्या एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढी लांबी होते आणि रुंदी एका गाडीच्या लांबीएवढी. एवढ्या जागेत सुमारे १४० माणसं, तोफा, दारूगोळा, कोळसा, पाणी आणि कित्येक महिन्यांचं धान्य मावायचं.

प्रशांत महासागर, भूमध्य समुद्र आणि लाल समुद्र इथे तिची सेवा झाली. १८९५ नंतर ती लढाऊ नौका राहिली नाही, पण तिचं आयुष्य खरं लांबलं ते त्यानंतर (प्रश्न १३ ते १५).

२. गॅनेट या नावाचा अर्थ काय?

गॅनेट हा मोठा पांढरा समुद्रपक्षी. बराच उंच उडतो आणि मासा दिसला की पंख मिटून सरळ पाण्यात सूर मारतो. ती ज्या डोटेरेल वर्गातली, त्या वर्गात एकूण नऊ नौका होत्या आणि त्यांतल्या काहींना पक्ष्यांची नावं होती. डोटेरेल हाही पक्षी, किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. एचएमएस म्हणजे 'हर मॅजेस्टीज शिप', राणीची नौका.

३. कुठे तिला गनव्हेसल म्हणतात, कुठे स्लूप, कुठे गनबोट. बरोबर काय?

कागदोपत्री ती स्लूप. हे तीन शब्द एकाच कुटुंबातले असल्यामुळे गोंधळ होतो. सर्वांत लहान गनबोट, तिच्यावर लेफ्टनंट दर्जाचा अधिकारी असे. त्याहून मोठी गनव्हेसल आणि तिच्याहूनही मोठी स्लूप, या दोन्हींवर कमांडर असे. तिघींचं काम मात्र एकच: मोठ्या आरमारापासून हजारो मैल दूर, एकट्याने, एखाद्या किनाऱ्यावर राणीचा झेंडा दाखवत राहणं. चिलखती युद्धनौका फार महाग होत्या आणि अशा कामाला त्यांना अडकवून ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून साम्राज्याची रोजची चाकरी या लहान नौकांनी केली. तिला गनव्हेसल म्हणणाऱ्याची चूक मला फार मोठी वाटत नाही. गनबोट म्हणणं मात्र तिला खाली उतरवणं आहे.

४. वाफेचं इंजिन होतं, मग शिडं कशाला? हौस म्हणून का?

हौस अजिबात नव्हती. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनाला कोळसा लागतो आणि जहाज लहान असलं की कोळशाची कोठीही लहान. प्रशांत महासागरात एका बंदराहून दुसरं बंदर कित्येक आठवड्यांच्या अंतरावर. तिथला ब्रिटिश नौदलाचा तळ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्क्विमॉल्टला होता आणि जवळच्या नानाइमोच्या खाणींतून कोळसा मिळायचा. पण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर किंवा मधल्या बेटांवर गेलं की कोळसा विकत घ्यायचा, तोही मिळेल त्या भावाने. वारा फुकट होता. म्हणून लांबचा प्रवास शिडावर करायचा, आणि बंदरात शिरताना, वारा पडला असताना किंवा लढाईत इंजिन चालवायचं, अशी वाटणी होती.

दुसरं कारण भरवशाचं. गॅनेटच्या तीन बॉयलरांतली वाफ ६० पौंड दाबाची. ती दोन सिलिंडरांच्या आडव्या इंजिनात जायची आणि १३ फूट व्यासाचा एकच पंखा फिरवायची. पंखा मोडला किंवा दांडा तुटला तर भर समुद्रात दुरुस्ती कोण करणार? शिडं असली की माणसं घरी पोहोचायची.

इंजिन आडवं का, तेही सांगतो. उभं इंजिन पाण्याच्या पातळीच्या वर डोकावतं आणि शत्रूच्या गोळ्याला सापडतं. आडवं इंजिन पाण्याखाली झोपून राहतं. केवळ वाफेवर वेग साधारण साडेअकरा नॉट, म्हणजे ताशी २१ किलोमीटर.

५. शिडावर चालताना पाण्यातला पंखा आडवा येत नाही का?

येतो. फिरत नसलेला पंखा म्हणजे पाण्यात धरून ठेवलेलं मोठं वल्हं. त्यासाठी त्या काळच्या अनेक युद्धनौकांवर पंखा दांड्यापासून सोडवून एका विहिरीसारख्या जागेतून वर ओढून घेण्याची सोय असे. धुराडंही दुर्बिणीच्या नळीसारखं आत सरकवून खाली घेत, म्हणजे शिडांना अडथळा नको. इंजिन सुरू करायचं ठरलं की हुकूम सुटायचा: 'धुराडं वर, पंखा खाली!' पंखा ओढायचा असेल तर बरीचशी मंडळी दोरावर लागायची.

६. ती लाकडी आहे की लोखंडी?

दोन्ही, आणि हीच तिची सर्वांत देखणी गोष्ट. सांगाडा लोखंडाचा, त्यावर सागाच्या फळ्या. याला मिश्र बांधणी म्हणतात.

असं का केलं? उष्ण समुद्रात जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, वेग मरतो. लाकडी तळात किडा शिरून लाकूड पोखरतो. आपल्या कोकणातल्या कोणत्याही मचव्याच्या मालकाला हे सांगावं लागत नाही. दोन्हींवर उपाय एकच, तळाला तांब्याचे पत्रे ठोकणं. पण तांबं थेट लोखंडावर ठोकलं तर खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. मध्ये सागाचा थर आला की तांबं तांब्याच्या जागी, लोखंड लोखंडाच्या जागी. लोखंडी सांगाड्यामुळे इंजिनाचे हादरेही सोसायचे आणि गोदीत वारंवार न जाता वर्षानुवर्षं परदेशी राहता यायचं.

७. सागवान म्हटल्यावर विचारतो: ती मुंबईत बांधली का? वाडियांनी?

नाही. ज्या जहाजाचा तुम्हाला भास होतोय ते एचएमएस ट्रिंकोमाली. ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. तेही आज इंग्लंडमध्ये शाबूत आहे, पण हार्टलपूलला. ट्रिंकोमाली संपूर्ण लाकडी आणि केवळ शिडाचं, गॅनेट साठ वर्षांनी धाकटी आणि वाफेची. दोन्ही एकाच सहलीत पाहता आली तर जरूर पाहा. जहाजबांधणी या साठ वर्षांत कुठून कुठे गेली ते डोळ्यांना दिसतं.

८. तिच्यावर तोफा किती आणि कशा?

सात इंची दोन आणि ६४ पौंडी गोळ्याच्या चार. सगळ्या तोंडाकडून भरायच्या, पण नळीत आतून पीळ कापलेला, त्यामुळे गोळा फिरत आणि नेमका जायचा. सहापैकी चार तोफा फिरत्या होत्या. डेकवर धातूच्या कमानदार पट्ट्या बसवलेल्या असायच्या. तोफेचा गाडा त्यांवरून सरकवून तीच तोफ डावीकडे किंवा उजवीकडे रोखता यायची. सहाच तोफा असल्या तरी दोन्ही अंगांना मारा करता येई, तो या पट्ट्यांमुळे. शिवाय नॉर्डेनफेल्ट मशीनगन होत्या: नळ्या एका रांगेत शेजारी शेजारी, आणि एक माणूस दांडा पुढे मागे ढकलत राहणार.

९. पहिली चार वर्षं प्रशांत महासागरात तिने केलं तरी काय? लढाई झाली का?

तिने लढाई केली नाही, पण तिच्या समोर चालली होती. चिलीने पेरू आणि बोलिव्हिया यांच्याविरुद्ध ५ एप्रिल १८७९ रोजी युद्ध पुकारलं. गॅनेट सेवेत आली त्यानंतर बारा दिवसांनी. भांडण अटाकामाच्या वाळवंटातल्या सोऱ्यावरून होतं. सोरा म्हणजे खतही आणि स्फोटकंही, आणि त्या धंद्यात ब्रिटिश पैसा मोठा गुंतलेला. जानेवारी १८८१ मध्ये चिलीच्या फौजा पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये शिरल्या. अशा वेळी बंदराबाहेर तटस्थ राहून उभं असणं, आपल्या नागरिकांवर आणि मालावर लक्ष ठेवणं हेच काम. १८८३ मध्ये ती घरी परतली. कंटाळवाणं वाटतं, पण या नौकांच्या आयुष्याचा मोठा भाग असाच गेला आणि तो वगळून त्यांची गोष्ट सांगणं मला पटत नाही.

१०. तिच्या बहिणीचा स्फोट झाला होता म्हणतात. ते काय प्रकरण?

याच वर्गातली बहीण, जिच्यावरून वर्गाला नाव पडलं ती डोटेरेल. गॅनेट ज्या समुद्रात होती तिकडेच ती निघाली होती. २६ एप्रिल १८८१ रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत पुंता अरेनास इथे नांगरलेली असताना तिच्या पोटात स्फोट झाले आणि काही मिनिटांत ती बुडाली. १४३ माणसं गेली. वाचले बारा, त्यांत तिचा कमांडर रिचर्ड इव्हान्स होता.

आधी वाटलं कोळशाच्या कोठीत वायू साठून पेटला असावा. खरं कारण महिन्यांनी उघडं पडलं, तेही ट्रायम्फ या दुसऱ्या नौकेवर तसाच स्फोट झाल्यावर. रंग लवकर वाळावा म्हणून नौदलाने झेरोटीन सिकेटिव्ह नावाचं एक रसायन घेतलं होतं. ते गळलं की त्याची वाफ बंद कोठारात पसरायची आणि उघड्या ज्योतीने भडकायची. जहाजाच्या पोटात तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात कामं चालत. रंगाच्या सामानातल्या एका भांड्याने सबंध युद्धनौका नेली. गॅनेटच्या खालच्या मजल्यावर, जिथे छताला डोकं लागतं, तिथे उभं राहून हे आठवलं की पोटात गोळा येतो. त्याच मापाच्या, त्याच बांधणीच्या जहाजात ती माणसं होती.

११. लाल समुद्रात तिने गुलामांचा व्यापार रोखला, हे खरं की साम्राज्याची जाहिरात?

काम खरं होतं. १८७७ मध्ये ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं शिडाच्या गलबतांत भरून रातोरात पलीकडे अरबस्तानात नेत. गॅनेटची पुन्हा नेमणूक झाली ती सप्टेंबर १८८५ मध्ये, भूमध्य समुद्राच्या ताफ्यात, आणि लाल समुद्रातली ही गस्त तिच्याकडे आली. प्रवाळांच्या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरू शकत नाही. म्हणून अशा गस्तीत लहान होड्या सोडायच्या, दिवसच्या दिवस उन्हात दबा धरायचा आणि संशयित गलबत अडवायचं.

त्याच वेळी इजिप्तवर ब्रिटनचा कब्जा होता आणि सुएझचा मार्ग सुरक्षित ठेवणं हा त्यांचा स्वार्थ होता, हेही तितकंच खरं. एका गोष्टीने दुसरी खोटी ठरत नाही. गलबतातून सुटलेल्या माणसाच्या दृष्टीने होडीतल्या खलाशाचा हेतू काय होता याला किती महत्त्व असेल, हा विचार मी करतो.

१२. सुआकिनला काय झालं? तिथे आपले भारतीय सैनिकही होते ना?

सुआकिन हे लाल समुद्रावरचं जुनं बंदर, आज सुदानमध्ये. प्रवाळाच्या दगडांची घरं असलेलं बेटावरचं शहर. सुदानमधला धर्मनेता महदी याच्या उठावातला सेनानी उस्मान दिग्ना याने त्याला वेढा घातला होता. ११ सप्टेंबर १८८८ रोजी गॅनेटला तिथे जायचा हुकूम मिळाला, डॉल्फिन या नौकेच्या जागी. पुढे सुमारे महिनाभर तिने किनाऱ्यावरच्या खंदकांवर मारा केला: मोठ्या तोफांचे सुमारे २०० गोळे आणि मशीनगनच्या सुमारे १,२०० फैरी. ऑक्टोबरच्या मध्यात तिची सुटका झाली. वेढा उठला तो नंतर, २० डिसेंबर १८८८ च्या गेमैझाच्या लढाईत. त्या लढाईत गॅनेट नव्हती, तरी अनेकदा श्रेय तिला दिलं जातं.

भारतीय सैनिकांचं उत्तर: होय, पण आधी. १८८५ च्या मोहिमेत भारतातून पलटणी सुआकिनला गेल्या होत्या. २२ मार्च १८८५ रोजी तोफ्रेकच्या लढाईत १५ वी शीख, १७ वी बंगाल आणि २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री यांनी अचानक आलेला हल्ला झेलला. गॅनेटची दुसरी फेरी सुरू झाली त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणून दोघांची गाठ पडली नाही.

१३. 'शाब्बास कॉन्डॉर' हा प्रसिद्ध संदेश गॅनेटसाठी होता का? आणि १८८८ नंतर गॅनेटचं काय झालं?

पहिल्याचं उत्तर: नाही. ११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश नौदलाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावर तोफांचा मारा केला, तेव्हा लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डने कॉन्डॉर ही छोटी गनव्हेसल माराबू किल्ल्याच्या तोफांसमोर नेली आणि अ‍ॅडमिरल सेमूरने निशाणांनी शाबासकी दिली. गॅनेट त्या वेळी प्रशांत महासागरात होती. आणखी एक घोळ टाळा: कॉन्डॉर नावाची दुसरी नौका डिसेंबर १९०१ मध्ये व्हँकुव्हर बेटाजवळ वादळात सर्व माणसांसह नाहीशी झाली. ती वेगळी, १८९८ ची स्लूप. तिच्या जाण्याने युद्धनौकांवर शिडं ठेवावीत का, हा वाद पुन्हा पेटला.

गॅनेट सुआकिननंतर भूमध्य समुद्रात सर्वेक्षणाला लागली: खोली मोजायची, किनारा आखायचा. १८९५ मध्ये सेवा संपली. १९०० च्या सुमारास ती एका रेल्वे कंपनीला माणसांच्या मुक्कामासाठी भाड्याने दिली गेली.

१४. जुन्या कागदांत तिचं नाव 'प्रेसिडेंट' का दिसतं?

१९०३ मध्ये ती लंडनला राखीव नौसैनिकांच्या कवायतीची नौका झाली. त्या कामाच्या नौकेचं नाव परंपरेने प्रेसिडेंट असे, म्हणून गॅनेटने दहाएक वर्षं ते नाव लावलं. ती जिथे नांगरली होती तो साउथ वेस्ट इंडिया डॉक. यातलं 'इंडिया' पाहून आपल्याकडचे वाचक सुखावतात, पण ते नाव वेस्ट इंडिजच्या व्यापारावरून पडलं आहे.

१५. क्रिकेटपटू सी. बी. फ्राय आणि ही नौका यांचा काय संबंध?

फ्राय म्हणजे १९०१ मध्ये प्रथम श्रेणीत सलग सहा शतकं ठोकणारा फलंदाज. या विक्रमाची बरोबरी पुढे फक्त ब्रॅडमन आणि प्रॉक्टर यांनाच करता आली. आपल्याला त्याची ओळख रणजितसिंहजींमुळे जास्त: दोघं ससेक्सकडून एकत्र खेळायचे, जिवलग मित्र, आणि १९२० मध्ये रणजी भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला राष्ट्रसंघात गेले तेव्हा फ्राय सोबत होता.

हॅम्बल नदीवर मर्क्युरी नावाची मुलांची नौकाप्रशिक्षण शाळा होती. फ्राय १९०८ पासून १९५० पर्यंत तिचा प्रमुख होता, पण रोजचा कारभार मुख्यतः त्याची पत्नी बिएट्रिस चालवायची आणि तिची शिस्त अतिशय कडक होती. १९१३ मध्ये गॅनेट या शाळेला मिळाली. शाळा किनाऱ्यावर, मुलं झोपायची नौकेवर, टांगलेल्या झोळ्यांत. थंडीत नदीवरच्या जुन्या लाकडी जहाजात शाळकरी मुलं झोपत, ही कल्पना आज अंगावर येते. पण पन्नासहून अधिक वर्षं कोणीतरी तिच्यात राहत होतं, म्हणूनच ती भंगारात गेली नाही. शाळा १९६८ मध्ये बंद पडली.

१६. आज दिसते ती १८७८ चीच गॅनेट आहे का?

सांगाडा तोच. दिसणं १८८८ सालचं, कारण पुनर्बांधणीसाठी ते वर्ष निवडलं गेलं. १९७१ मध्ये ती जुन्या नौका जतन करणाऱ्या मॅरिटाइम ट्रस्टकडे आली, १९८७ मध्ये चॅटमला पोहोचली, १९९४ मध्ये मालकीही चॅटमच्या ऐतिहासिक गोदीकडे गेली आणि लॉटरीतून मिळालेल्या वारसा निधीवर झालेलं मोठं काम २००४ मध्ये पूर्ण झालं. इंजिन आणि बॉयलर मात्र आता नाहीत. प्रश्न ४ मध्ये वर्णन केलेलं यंत्र पाहायच्या अपेक्षेने जाऊ नका.

१७. पाहायला जायचं तर कसं, आणि पहिल्यांदा काय पाहावं?

लंडनच्या सेंट पँक्रासहून चॅटमला थेट गाड्या आहेत, पाऊण तासाच्या आसपास लागतो. तिकीट सबंध गोदीचं असतं, त्यात कॅव्हॅलियर ही दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका आणि ओसेलॉट ही पाणबुडीही येते. गॅनेट क्रमांक ४ च्या कोरड्या गोदीत आहे.

वर चढायची घाई करू नका. आधी गोदीच्या काठावरून मागच्या बाजूला जा आणि सुकाणू व पंख्याची जागा पाहा. मग डेकवर या आणि तोफांच्या गाड्यांखालच्या कमानदार पट्ट्या शोधा. शेवटी खाली उतरा, डोकं सांभाळून. फळ्या आतून लोखंडी फासळ्यांना जिथे टेकतात तिथे हात लावा. एका हाताला थंड लोखंड लागतं, दुसऱ्याला साग.